दुपारचा कुकर

लोटे एमआयडीसीच्या अलीकडे, हायवे सोडून थोडं आत, माझ्या भाड्याच्या खोल्यांची एक ओळ आहे. भाडेकरू सगळे कारखान्यातले. तिन्ही पाळ्यांची माणसं एकाच ओळीत राहतात, त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळी कुणीतरी झोपलेलं असतंच. नवीन पाहुण्याला आधी वाटतं, इथं कुणी गेलंय की काय. बायका हळू बोलतात, कपडे न आपटता धुतात. कुकर लावायचा तो संध्याकाळी, दुपारची डाळ पातेल्यात शिजते. हा नियम कुणी केला ते आता कुणाला आठवत नाही, पण रात्रपाळीच्या माणसाची झोप मोडलेली आमच्याकडे खपवून घेत नाहीत.

मनिषा माझ्या भिंतीला लागून राहते. नवरा स्वरूप आणि पहिलीतली मुलगी सानवी. लग्न होऊन आली तेव्हा मनिषाचा आवाज खणखणीत होता. माहेरी, खेडच्या आतल्या गावात, बागेत शिरलेली वानरं हाकायला हिलाच पाठवायचे. ती अंगणातून ओरडली की पलीकडच्या वाडीतली वानरंसुद्धा झाड सोडायची, असं तिचा भाऊ सांगतो. भावाच्या बोलण्यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरतं ते काही थोडं नाही.

तर या मनिषाला बालवाडीची बाई व्हायचं होतं. सानवी शाळेत जायला लागली तसं तिने मनावर घेतलं आणि चिपळूणच्या एका वर्गात नाव घातलं. शिकायचे दोन मार्ग होते. घरूनच मोबाईलवर, नाहीतर आठवड्यातून तीन दिवस तिथं जाऊन. सर्टिफिकेट एकच. पहिला आठवडा दोन्ही करून बघा आणि शनिवारपर्यंत काय ते कळवा, असं त्यांनी सांगितलं होतं.

स्वरूप नको म्हणाला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. घरबसल्या होतंय तर एस.टी.ची वणवण कशाला, एवढंच त्याचं म्हणणं. शिवाय रात्रपाळी असली की दुपारी उठल्यावर त्याला जेवण कोण वाढणार? सासूनेही फोनवर तेच सांगितलं, घरबसल्या कर. या शब्दाचं आणि माझं फार वर्षांपासून वाकडं आहे. घरात बसलेली बाई मी तरी अजून पाहिलेली नाही.

सोमवारी मोबाईलवरचा वर्ग सुरू झाला तेव्हा स्वरूप आतल्या खोलीत नुकताच झोपला होता. पोरांना शिकवायचं पोपटाचं गाणं एकेकीने हातवारे करून म्हणून दाखवायचं होतं. मनिषाची पाळी आली. मला दारातून दिसत होतं, तिचे ओठ हलत होते, हातही छान हलत होते. पण शिकवणाऱ्या बाई सारख्या म्हणत राहिल्या की ताई, तुमचा आवाज येत नाही, जरा माईक बघा. माईकला काहीही झालेलं नव्हतं.

मंगळवारी ती मोबाईल घेऊन न्हाणीघरात गेली. तिथं आवाज घुमायला लागला, म्हणून लगेच बाहेर आली. बुधवारी रस्त्याकडेच्या फणसाखाली उभी राहिली, तर टँकरच्या घरघरीत तिचं तिलाच ऐकू येईना. मी म्हटलं, माझ्या खोलीत बस. पण माझ्या दुसऱ्या भिंतीपलीकडे केरू झोपलेला, त्याचीही रात्रपाळीच.

तिची नुसती उलघाल चालली होती. एका जागी बूड टेकेना. धुतलेली भांडी परत धुवायची, मध्येच दारात येऊन हायवेकडे बघत राहायची. काकी, जाऊ की नको, हे तिने मला इतक्यांदा विचारलं की शेवटी मी चिडले. जायचंय तर जा, माझं डोकं नको खाऊ, असं तोंडावर म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न घेऊन आली.

गुरुवारी स्वरूपचं ताट झाकून ठेवून ती चिपळूणला जाऊन आली. आली ती थेट माझ्याकडे. तिथं म्हणे मोठा हॉल होता आणि समोर खरीखुरी पोरं बसवलेली. बाईंनी गाणं म्हणायला सांगितलं. मनिषाने तोंड उघडलं, तर तेच पुटपुटणं. मोठ्याने म्हणा, असं बाई म्हणाल्या. तिने पुन्हा म्हटलं. मागच्या पोरांना काही ऐकू गेलं नाही, ती आपापसात खेळायला लागली.

"काकी, तिथं कोणच निजलेला नव्हता," ती म्हणाली. "तरी माझा आवाज निघाला नाय."

मग ती रडली, तेही आवाज न करता. मला तिचा राग आला, आणि माझ्या या खोल्यांचाही आला. आता ही मुकाट्याने मोबाईलच धरणार, असं मला वाटलं. शुक्रवारी तिने मला काहीच विचारलं नाही.

शनिवारी दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते आणि भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली. आधी वाटलं, माझ्याच कानांना झालंय काहीतरी. दुसरी शिट्टी झाली तशी ओळीतली दारं उघडायला लागली. केरू लुंगी सावरत बाहेर आला. मी मनिषाच्या दारात पोचले, तर ती शेगडीसमोर हाताची घडी घालून उभी होती. आतून स्वरूप लाल डोळ्यांनी धडपडत आला.

"काय झाला गो?" त्याने घाबरून विचारलं.

"मी चिपळूणला जाऊन शिकणार. घरात माझा आवाज सुटायचा नाय. तुमचं जेवण झाकून ठेवीन." आवाज मध्येच चिरकला, पण ओळीच्या टोकापर्यंत ऐकू गेला.

स्वरूपने डोळे चोळले. मग म्हणाला, "अगो, हे हळू सांगायचंस. त्याला कुकर कशाला?"

"हळूच सांगत व्हते इतके दिवस," मनिषा म्हणाली.

तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद करायला कुणीच पुढे झालं नाही, मीसुद्धा नाही.