पार्लरवाल्या मावशींची परीक्षा

मानवतमधल्या निम्म्या संसारांची सुरुवात आमच्या गल्लीतल्या पार्लरवाल्या मावशींच्या दोऱ्यापासून झाली आहे, असं माझं ठाम मत आहे. मावशींना माणसांची नावं आठवत नाहीत, भुवया आठवतात. लग्नानंतर दहा वर्षांनी माहेरी आलेल्या एका बाईला त्यांनी भर बाजारात थांबवलं होतं, "डाव्या भुवईत भोवरा असलेली तूच न्हाई का गं?" बाई हरखून गेली. दोऱ्याचं एक टोक कायम दातांत, त्यामुळे मावशींचं बोलणं अर्धवट यायचं. पण तेवढ्यावरही रडवेली नवरी हसायची.

मग स्टँडजवळ नवं पार्लर निघालं. तिथे काचेच्या चौकटीत सरकारी सर्टिफिकेट, आणि नवरीचा दर मावशींच्या दुप्पट. तरी मुली तिकडेच जाऊ लागल्या. एका लग्नसराईत मावशींची खुर्ची जवळजवळ रिकामीच राहिली. मावशी कुणाशी भांडल्या नाहीत. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी परभणीला कोर्सला नाव घातलं आणि सहा महिने रोज एसटीनं जाऊन विशीतल्या पोरींत बसल्या. मी शाळेत शिकवते, म्हणून त्वचेचे थर पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यांची जिद्द बघून मला माझ्याच बी.एड.ची लाज वाटली. थर जमले. अडलं दोऱ्यापाशी. दोरा तोंडात धरायचा नाही, गळ्यात अडकवायचा, असा तिथला नियम. तीस वर्षांची सवय मोडायला मावशींनी महिनाभर नवऱ्यालाच समोर बसवलं. त्या महिन्यात काकांच्या भुवया इतक्या कोरीव झाल्या, की ते टोपी नाकापर्यंत ओढून मोंढ्यात, धान्याच्या बाजारात जायचे.

मावशी पहिल्या आल्या! सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, दर दुप्पट झाला आणि नवऱ्या मुली परत आल्या. दहा-दहा रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या बायका भिंतीकडे बघून निमूट पर्स उघडू लागल्या. मी थक्क होऊन बघत राहिले. मला वाटलं, मावशी खूश असतील.

परवा मी त्यांच्या खुर्चीत बसले होते. दोरा गळ्यात अडकवता अडकवता त्या म्हणाल्या, "हात तर तेच हायत गं. मग इतकी वर्षं लोकं काय बघायलते?"

हुज्जत घालणाऱ्यांत मीही होते. माझी मान आपोआप खाली गेली. मावशींनी हनुवटीला बोट लावून ती अलगद वर केली.

"हलू नको," म्हणाल्या.