सासूबाई, मी आणि परत येणारा नारळ

कयाकिंगची हौस माझी, पण गाडी हलली ती सासूबाईंच्या नवसामुळे. मागच्या वर्षी डेंग्यूने मी दवाखान्यात पडले होते, तेव्हा त्यांनी दर्याला शब्द दिला होता. सून चालत घरी आली तर आत पाण्यात जाऊन स्वतःच्या हाताने नारळ देईन! किनाऱ्यावरून फेकलेला चालणार नव्हता. त्यामुळे बदलापूरच्या कुळगावात हयात काढलेली ही बाई नऊवारीसकट कयाकमध्ये बसायला तयार झाली.

बदलापूरहून सिंधुदुर्गात निवतीच्या किनाऱ्याला जायचं तर पहाटेच निघा. कर्जत, खोपोली, पाली करत वाकणला गोवा हायवे धरा, पनवेलचा फेरा वाचतो. पुढे खड्डे आहेतच, आम्ही आता त्यांना शिव्याही देत नाही. चिपळूणपुढे हॉटेलात बसलो, तर सासूबाईंनी घरच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी काढली आणि वेटरकडे फक्त कांदा मागितला. कुडाळहून वळून निवतीला पोचेतो अंधार झाला होता. घरगुती मुक्काम साधा, पण सुरमईचं ताट झकास.

सकाळी वारा नसताना पाण्यात उतरायचं. दोघींच्या कयाकला माणशी आठशे रुपये, लाइफ जॅकेट त्यातच. नवरा, म्हणजे नितीन, "मी व्हिडिओ काढतो" म्हणत वाळूतच थांबला. नवस आईचा, जीव बायकोचा आणि हा आपला कोरडा! सासूबाई पुढे बसल्या, मांडीवर नारळ धरून. वल्हं कोणी मारलं ते सांगायला नको.

आत गेल्यावर त्यांनी हळदकुंकू लावलेला नारळ सोडला आणि हात जोडले. नारळ डुलत डुलत आमच्याच मागे किनाऱ्याकडे निघाला. त्यांनी वल्ह्याने ढकलला, तो पुन्हा आला. त्यांचा चेहरा पार उतरला.

"नदीत सोडलेला नारल कदी परत येतो का गं? दरयानं घेतला नाय."

आमचा सगळा अनुभव उल्हास नदीचा. तिथे सोडलेली वस्तू खाली वाहत जाते, विषय संपतो.

शेजारच्या कयाकमधून आमचा गाइड प्रथमेश हसला. "आज्ये, भरती आसा, तो येतलोच. त्या खडकापलीकडे सोडूया, थंय ओढ भायर आसा."

आता पंचाईत अशी, की दिलेला नारळ उचलायचा नसतो. मग काय, वल्ह्यांनी टोले देत आम्ही तो चुकार वासरासारखा हाकत नेला. "डावीकडं पलतोय बघ!" सासूबाईंचा आरडाओरडा चालूच. खडकाजवळ लाटा उंच झाल्या आणि माझी तंतरली.

"आई, मागे फिरू या."

"तुला दवाखान्यातनं घरी आनताना मी मागं फिरली व्हती का?"

मी वल्हं मारलं. खडकापलीकडे नारळ एकदा गोल फिरला आणि खुल्या समुद्राकडे निघून गेला. सासूबाई तो दिसेनासा होईपर्यंत बघत होत्या.

घरी येऊन दोन दिवस झाले तरी माझे हात वर होत नव्हते. मेथी निवडताना मी म्हटलं, "चला आई, फिटला एकदाचा नवस."

"हा दरयाचा फिटला."

"म्हणजे?"

"घाबरली व्हती मी. जो देव आठवला त्याला बोलत गेली. एकवीरा आयला अनवानी जायचं हाय. त्या डाक्टरला पन कोंबरा कबूल केलाय."

मला रडूच फुटलं.

"रडतंस काय?" त्या म्हणाल्या. "कोंबरा तूच घेऊन जायचा हाय, चालत."