मागं कोण उभं हाय?

“थांबव. थांबव की गं. मागं कोण उभं हाय बघ.”

हे वाक्य माझ्या पाठीमागच्या टेबलावरून आलं तेव्हा मला या ऑफिसात लागून जेमतेम दोन दिवस झाले होते. मला वाटलं, माझ्याच मागे कोणीतरी उभं आहे. मी दचकून वळले. पाच-सहा जण डबे उघडून एका मोबाइलवर वाकले होते. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. पडद्यावर जुन्या काळचं ऑफिस होतं, त्यात टाइपरायटर, टेबलफॅन, फायलींचे ढीग आणि बोट रोखून बोलणारे एक साहेब. चित्र थांबलेलं होतं. एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई कडक भाकरीच्या तुकड्याने पडद्याचा कोपरा दाखवत होती.

“ती बघ. ट्रे धरून मघापासनं उभी हाय. टायपिस्ट हाय का चहावाली?”

“काकू, साहेबांचा डायलॉग चाललाय,” अकाउंट्समधला प्रशांत रडकुंडीला येऊन म्हणाला. “तो तर ऐकू द्या की.”

“साहेबांचा डायलॉग कुटं पळून जात न्हाय. हिचा कुटं हाय ते दाखव.”

ऑफिसात त्यांना सगळे ‘थांबव काकू’ म्हणत. समोरही म्हणत. त्यांना राग येत नसे, उलट कोणी नुसतं ‘काकू’ म्हटलं तर “कुटली?” असं विचारत. मूळच्या सीमेवरच्या मैंदर्गी गावच्या. मराठी बोलता बोलता मध्येच एखादा कानडी शब्द टाकायच्या आणि समोरच्याला कळला नाही तर तो त्याचा दोष. सॅम्पल विभाग त्यांच्याकडे होता. परदेशी पाठवायच्या टॉवेलांचे नमुने कापणं, घड्या घालणं, चिठ्ठ्या लावणं. मी त्याच परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजीत मेल लिहायचे. माझी शाळा इंग्रजी, त्यात मी बोलायची कमी. म्हणून प्रशांतने पहिल्याच आठवड्यात माझं नाव ‘कॉन्व्हेंट’ ठेवलं होतं. काकू मला ‘पोरी’ म्हणत.

मालिकेचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिली त्यांना कळेलच, कारण त्या वर्षी ती न पाहिलेला माणूस आमच्या ऑफिसात तरी नव्हता. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका ऑफिसची गोष्ट. नवीन भाग शुक्रवारी यायचा आणि शनिवारी दुपारी डबे उघडले की चर्चा सुरू व्हायची. त्याआधी कोणी काही फोडायचं नाही असा नियम होता. काकू तो दर शनिवारी सकाळी फाटकावरच मोडायच्या. “हेडक्लार्कचं लगीन मोडलं रे,” असं स्कूटर लावणाऱ्या माणसाला सांगून त्या जिना चढायला लागायच्या. मग दिवसभर त्याच्या शिव्या खायच्या, आणि त्याच्याच डब्यातली भाजी उचलायच्या.

मालिकेवर त्यांच्याइतकं प्रेम दुसऱ्या कोणाचं नव्हतं, हे मी खात्रीने सांगते. हेडक्लार्कच्या आईच्या आजारपणात त्या इतक्या रडल्या होत्या की सॅम्पलच्या टॉवेलानेच डोळे पुसले, आणि तो टॉवेल मग धुऊन इस्त्री करून पाठवावा लागला. पण बाकीचे पडद्याच्या मध्यभागी पाहायचे आणि काकू कडेला पाहायच्या. कोण दारात उभी आहे, कोणाला खुर्ची नाही, साहेब बोलत असताना कोण मागून फाइल घेऊन आली आणि तशीच परत गेली. “ही जाते कुटं?” हा त्यांचा दुसरा प्रश्न. “सकाळपासनं संध्याकाळपर्यंत हाफिसात हाय ही. चहा पिते, पाणी पिते. मग जाते कुटं?”

“काय काकू, जेवताना!” प्रशांत म्हणायचा.

“जेवताना न्हाय विचारायचं, हाफिसात न्हाय विचारायचं. मग कुटं विचारायचं रे?”

त्या स्वतः टायपिस्ट म्हणून इथे लागल्या होत्या, मोठ्या शेटजींच्या काळात. शहराच्या पूर्व भागातली हीच इमारत, हाच जिना. तेव्हा ऑफिसात बायका तीन, आणि बायकांसाठी ना खोली, ना संडास. समोरच्या गल्लीत एका विणकराच्या घरी त्या जायच्या. त्या घरची बाई हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या नवऱ्याला तेलुगूत काहीतरी सांगायची आणि तो मान खाली घालायचा. “त्या माणसानं कदी मान वर केली न्हाय. आमचं तोंड बी त्याला ठाऊक नसंल,” काकू सांगायच्या. हे सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा, एरवी कधी व्हायचा नाही.

मग एका दुपारी त्या तिघींनी आपापले डबे उचलले आणि शेटजींच्या केबिनमध्ये जाऊन त्यांच्याच टेबलावर जेवायला बसल्या. शेटजी फोनवर होते. काकूंनी त्यांच्यापुढे भाकरी ठेवली, वर शेंगाचटणी घातली आणि म्हणाल्या, “बसायला दुसरी जागा न्हाय, म्हणून आलो. रोज येणार.” दुसऱ्या दिवशीही त्या गेल्या. तिसऱ्या दिवशी शेटजींनी जिन्यामागची खोली रिकामी करून दिली, आणि पुढे तिला लागून मोरी आणि संडास बांधून दिला, दार खोलीतूनच. एक लोखंडी कॉट, एक आरसा, एक खिडकी. “शेटजी माणूस वाईट नव्हता,” काकू म्हणत. “त्याला दिसतच नव्हतं. दाखवल्यावर दिसलं.” आणि लगेच पुढे, “खोली म्हंजे काय गं पोरी? आतनं कडी असली की खोली. न्हायतर ती नुस्ती जागा.”

शनिवार सोडला तर मी त्या खोलीत जेवायचे. पोटात दुखायचं तेव्हा त्या कॉटवर अर्धा तास पडायचे. कोणाला काही सांगावं लागत नसे, हे माझ्यासारखीला किती मोठं होतं ते मी सांगू शकत नाही. पॅकिंगमधली सुवर्णा बाळंतपणानंतर कामावर परत आली तेव्हा बाळ घरी सासूकडे असायचं आणि दुपारी तिला दूध काढावं लागायचं. ती आत जायची, कडी लावायची, आणि आम्ही बाहेर उभ्या राहून उगाचच गप्पा मारायचो.

मालिकेतल्या साहेबांचं एक वाक्य फार गाजलं होतं. कोणी तक्रार घेऊन आलं की ते फायलीतून वर न पाहता म्हणायचे, “काम झालं की बोला.” आमच्या मॅनेजर साहेबांनी ते उचललं. आधी गंमत म्हणून, मग सवय म्हणून. रजा मागायला गेलं तरी तेच. लोक हसायचे. मालिकेवरच्या चर्चाही हळूहळू बदलत गेल्या. “शिस्त होती बघा तेव्हा.” “बायका कशा मान खाली घालून काम करायच्या.” हे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या काळात जन्मलेलेही नव्हते. न पाहिलेल्या काळाची एवढी आठवण यांना कशी येते, असं माझ्या मनात यायचं. पण मी पोळीचा तुकडा मोडत बसायचे.

ज्या भागात ती मागे उभी राहणारी टायपिस्ट नोकरी सोडून जाते त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठं भांडण झालं.

“तिला एवढं काय झालं बे?” प्रशांत म्हणाला. “साहेब किती चांगले वागले तिच्याशी. दिवाळीला साडी दिली की.”

“साडी दिली,” काकू म्हणाल्या. “खुर्ची न्हाय दिली.”

“तुम्ही प्रत्येक गोष्टीत तेच बघता काकू. मालिका एन्जॉय करा की.”

“करतेच की. तुज्यापेक्षा लई करते. तू अर्धीच बघतोस, मी सगळी बघते.”

प्रशांतने डबा मिटला आणि तो आठवडाभर वेगळ्या टेबलावर जेवला. काकूंनी त्याची भाजी मात्र तिथे जाऊन उचलली.

मालिकेचा दुसरा सीझन यायच्या सुमारास कंपनीचा वर्धापनदिन होता. मॅनेजर साहेबांना कल्पना सुचली की ऑफिसात एक ‘रेट्रो कॉर्नर’ करायचा. अगदी मालिकेतल्यासारखा. जुनं टेबल, टाइपरायटर, काळा फोन, टेबलफॅन. गिऱ्हाइकं येतील, फोटो काढतील, कंपनीच्या पेजवर टाकता येतील. टाळ्या पडल्या. जागा कुठे, तर जिन्यामागची खोली. “तशी रिकामीच असते,” साहेब म्हणाले. आठच दिवसांसाठी, तात्पुरती.

कॉट गच्चीवर गेली. आरसा कोणीतरी घरी नेला. भाड्याने आणलेला टाइपरायटर चोरीला जाऊ नये म्हणून दाराची आतली कडी काढून ती बाहेरून बसवली, तिला कुलूप लावलं, किल्ली प्रशांतकडे. संडासाला जायचं तर प्रशांतकडे किल्ली मागायची. तो द्यायचा, हसून द्यायचा, पण मागावी लागायची. मी पाणी पिणं कमी केलं. सुवर्णा दूध काढायला खोक्यांच्या गोदामात जाऊ लागली. तिथल्या दाराला कडी नव्हतीच. आत कोणी माल मोजत असेल तर ती बाहेर भिंतीकडे तोंड करून, पिशवी छातीशी धरून थांबायची. एकदा ड्रेस ओला झालेला तिने ओढणीने झाकला आणि तशीच पॅकिंगला बसली. आठ दिवस झाले, महिना झाला, कॉर्नर तसाच राहिला. ऑफिसातल्या काही मुलींनीही तिथे हौसेने फोटो काढले. मला त्यांचाही राग आला, साहेबांचा तर आलाच. पण सर्वांत जास्त राग त्या कुलपाचा यायचा. रोज येता-जाता दिसायचं.

काकू साहेबांकडे गेल्या. मी एका पत्रावर सही घ्यायला तिथेच उभी होते.

“साहेब, खोली कदी देताय?”

साहेब हसले. समोरची फाइल ओढली, तिच्यात डोकं घातलं आणि मालिकेतल्या आवाजात म्हणाले, “काम झालं की बोला!”

केबिनमधले सगळे हसले. कोणीतरी टाळी वाजवली. काकू हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “शेटजींना दाखवलं तर दिसलं. ह्यांना दिसतंय गं. दिसतंय आणि हसतायत.” त्या शनिवारी त्यांनी मालिका पाहिली नाही. नमुन्यांच्या घड्या घालत राहिल्या. कोणीच ‘थांबव’ म्हणालं नाही, आणि साहेबांचे डायलॉग सलग ऐकू आले.

महिनाअखेरीस त्यांची निवृत्ती होती. आता त्या मैंदर्गीला भावाकडे असतात. शनिवारी सकाळी मला फोन करून नवीन भाग फोडतात, मी कितीही नको म्हटलं तरी. पण निरोपाचा तो दिवस मला सांगायचा आहे.

आधी फोटो. काकूंनी कॉर्नरमध्ये टाइपरायटरपुढे बसावं अशी सर्वांची इच्छा. “हितं मी बसणार न्हाय,” काकू म्हणाल्या. “हितं कॉट हुती.” लोकांना तो विनोद वाटला. शेवटी त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि फोटो तसाच निघाला.

मग मीटिंगच्या खोलीत सगळे जमले. हार, नारळ, कचोरी. प्रशांतने मालिकेच्या थाटात काकूंवर एक व्हिडिओ केला होता, आणि मी म्हणेन की त्याने तो मनापासून केला होता. लॅपटॉप टीव्हीला जोडायचं काम नेहमी माझ्याकडे, म्हणून मी पुढे बसले होते. जुन्या पद्धतीचं संगीत सुरू झालं. पडद्यावर काकू सॅम्पलचे टॉवेल हातावर घेऊन कॉरिडॉरमधून संथ चालत येत होत्या. लोक शिट्ट्या मारत होते. खुर्चीवर बसलेल्या काकू चष्मा वर करून पाहत होत्या, आणि नेहमीप्रमाणे पडद्याच्या मध्यभागी पाहत नव्हत्या.

मीही कडेला पाहिलं. आणि माझं बोट आपोआप कळीवर गेलं.

चित्र थांबलं. संगीत तुटलं.

“नेट गेलं का बे, कॉन्व्हेंट?” प्रशांत मागून ओरडला.

कॉरिडॉरच्या टोकाला, काकूंच्या मागे, खोक्यांच्या गोदामाच्या दाराशी सुवर्णा उभी होती. भिंतीकडे तोंड, पिशवी छातीशी. टीव्ही मोठा होता, त्यामुळे नीट दिसत होती. खोलीत सुवर्णाही होती, अगदी मागच्या रांगेत. तिने पडद्याकडे एकदा पाहिलं आणि मग खाली न बघता सरळ माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहिले. मी या खोलीत आजवर ‘आवाज येतोय का?’ याखेरीज काही बोलले नव्हते.

“काय झालं मॅडम?” साहेब म्हणाले. मग सगळ्यांकडे बघून हसले. “बोला, बोला. पण काम झालं की बोला!”

हशा झाला. तो संपेपर्यंत मी थांबले. काकूंनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला होता.

“काम झालेलं नाही, साहेब,” मी म्हणाले, “तरी बोलते. मागे सुवर्णा उभी आहे. आमची खोली आम्हाला परत द्या. आणि कडी होती तिथेच बसवा. आतून.”