कारखान्यातून निघाली होती तशी

अनुजाचा फोन आला तेव्हा मी डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये बसले होते. अनुजा म्हणजे माझी मैत्रीण मृणाल हिची मुलगी. लीड्समध्येच जन्मली, इथेच वाढली. तिचं मराठी घरापुरतं, आणि त्यातली लिंगं तिला कधीच धड जमली नाहीत. "उषामावशी, आई गेला," ती म्हणाली. मग जरा थांबून तिनं स्वतःच ते वाक्य दुरुस्त केलं… "आई गेली." तेवढ्यात रिसेप्शनिस्टनं माझं नाव पुकारलं. मी तिला नुसतं सॉरी म्हटलं, कोट उचलला आणि कार पार्कमध्ये जाऊन बसून राहिले. बातमी अनपेक्षित नव्हती. आदल्याच आठवड्यात हॉस्पिसमध्ये मी मृणालच्या पायांना क्रीम लावून आले होते. पण त्या दुरुस्त केलेल्या वाक्यानं मात्र मला रडू फुटलं. चूक दिसली की ती तिथल्या तिथे नीट करायची, ही सवय पोरीनं आईकडूनच तर उचलली होती.

मृणाल सांगलीची, मी पुण्याची. ओळख झाली ती लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या क्वार्टर्समध्ये. आमच्या खोल्या शेजारीशेजारी होत्या आणि हीटर दोन्हीकडचा बिघडलेला. ती भूल देणारी, मी डोळ्यांची सर्जन. एकाच ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही कितीतरी वेळा समोरासमोर काम केलं. रोज सकाळी ऑपरेशनं सुरू व्हायच्या आधी ती भुलीचं मशीन स्वतः तपासायची. टेक्निशियननं तपासलेलं असायचं, तरीही. ह्यात कुणावर अविश्वास नसायचा. एकेक नळी हातानं चाचपल्याशिवाय तिला पेशंटकडे बघून हसता यायचं नाही, एवढंच. पुढे दोघींची लग्नं झाली, मुलं झाली, कन्सल्टंट झालो आणि बघता बघता रिटायरही झालो. मी बागेत आणि मराठी मंडळाच्या नाटकांत रमले. मृणालला मात्र काय करावं ते सुचत नव्हतं. तिचा नवरा श्रीकांत, तोही रिटायर झालेला रेडिओलॉजिस्ट, मला एकदा फोनवर म्हणाला होता की ही घरातल्या सगळ्या कपाटांची बिजागरं काढून परत बसवते आहे, तू तिला कुठेतरी घेऊन जा.

म्हणून मी तिला आमच्या वॉकिंग ग्रुपमध्ये ओढलं. यॉर्कशायर डेल्समध्ये आम्ही एका शेतावर चहाला थांबलो होतो. मालकीणबाई मार्गारेट, विधवा, बोलक्या. कोंबड्या दाखवायला त्यांनी आम्हाला बार्नमध्ये नेलं, आणि तिथे गवताच्या गठ्ठ्यांमागे ताडपत्रीखाली ती उभी होती. साठच्या दशकाच्या अखेरची अमेरिकन मसल कार. लांबलचक बॉनेट, दोनच दारं, स्टीअरिंग डावीकडे, पुढे भलंमोठं व्ही-एट इंजिन. मेक आणि मॉडेल सांगत नाही, नाहीतर जाणकारांची पत्रं येतील. जवळच्या तळावरचा कुणी अमेरिकन सैनिक ती सोबत घेऊन आला होता आणि परत जाताना मार्गारेटच्या नवऱ्याला विकून गेला. त्यांनी काही वर्षं चालवली, मग ती बंद पडली आणि कोंबड्यांनी ताबा घेतला. लाल रंगाचे पोपडे सुटले होते, पत्रा जागोजागी गंजला होता. सगळ्यांनी फोटो काढले. मृणालनं फोटो काढला नाही. ती मार्गारेटना म्हणाली, "चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं?" हा प्रश्न मी थिएटरमध्ये शेकडो वेळा ऐकला होता. मला तेव्हाच कळलं, ही आता ती घेऊन जाणार.

गाडी ट्रेलरवरून घरी आली. श्रीकांतनं कपाळावर हात मारला आणि मग मुकाट्यानं गॅरेज रिकामं करून दिलं. मृणालनं कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घालून वेल्डिंग शिकून घेतलं. इंजिनाचं जे काम घरी होण्यासारखं नव्हतं ते बाहेरून करून आणलं, बाकी सगळं स्वतः. पण खरा प्रश्न होता गाडी कशी करायची हा. मंडळातल्या प्रत्येकाला मत होतं. चकचकीत लाल रंग दे, अलॉय व्हील्स घाल, ब्रेक तरी नवीन पद्धतीचे बसव. तिनं सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. तिला पीरियड-करेक्ट गाडी हवी होती. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती अगदी तशी. वायरींवर त्या काळी गुंडाळायचे तीच टेप, बोल्टांना तोच काळपट मुलामा, टायरसुद्धा जुन्या घडणीचे. मूळ रंग शोधायला तिनं डिकीच्या आतला एक कोपरा हलक्या हातानं घासायला घेतला. लाल निघाला, त्याखाली पांढरा, त्याखाली काळा, आणि सगळ्यात खाली एक फिकट, उदास हिरवा. श्रीकांतनं चष्मा वर करून बघितलं. हा तर हॉस्पिटलच्या भिंतीचा रंग, असं तो म्हणाला. मृणालला इतकं हसू आलं की ती तिथेच जमिनीवर बसली. सगळा जन्म ह्याच रंगात काढला, आता कुठे पळू, म्हणाली. आणि गाडी हिरवीच झाली.

एकदा मी तिला सीटखालच्या एका क्लिपवर अख्खी दुपार घालवताना पाहिलं. ती क्लिप सीट बसवल्यावर कुणाला दिसणार नव्हती. मी तसं म्हटलंही. "दिसणार कुणालाच नाही गं," ती म्हणाली, "पण असेल ना ती तिथे." आजही भाजी चिरताना, कुणाच्या कार्डावर दोन ओळी लिहिताना ते वाक्य मला आठवतं.

गाडीचा सांगाडा तयार होऊन रंग लागला, आणि मृणालला कॅन्सर निघाला. ओव्हरीचा, पसरलेला. ऑपरेशन झालं, किमो झाली. किमोनं तिला वेळ मिळवून दिला, पण बोटांची आणि पावलांची संवेदना घेऊन गेली. आम्हा डॉक्टरांना हे काही नवीन नाही. पेशंटना आपण सांगतो, कधी येईल परत, कधी नाही येणार. ती मला सांगायला आली तेव्हा तिनं स्वतःच्या बोटांवर टाचणी टोचून नकाशा काढून ठेवला होता, कुठपर्यंत कळतं आणि कुठून कळत नाही. स्क्रू हातातून पडतात, म्हणाली, आणि पडले हे आवाज आल्यावर कळतं. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं आपले दोन्ही हात माझ्यासमोर ठेवले. "उषे, तुझे हात दे मला थोडे दिवस."

मी आयुष्यात गाडीचं बॉनेट उघडलं नव्हतं. मला ड्रायव्हिंगसुद्धा आवडत नाही, मोटरवे मी शक्यतो टाळते. पण डोळ्याच्या आत टाके घातलेले हात होते माझे, आणि ते रिकामेच होते. पुढचे दोन हिवाळे मी आठवड्यातून तीन-चार दुपारी तिच्या गॅरेजमध्ये काढले. ती गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन खुर्चीत, मी डॅशबोर्डखाली उताणी. ती सांगायची, मी करायचे. चुकलं की ती न रागावता म्हणायची, काढ, परत घाल. स्पीडोमीटरचा काटा बसवताना मी श्वास रोखून धरला होता. नीट बसला तेव्हा ती म्हणाली की तुझ्या ऑपरेशनांच्या वेळी मी पेशंटच्या बाजूला बसून हेच बघायचे, तुझी बोटं… इतकी वर्षं मला वाटत होतं ती मॉनिटरकडे बघत असते. त्या गॅरेजमध्ये आम्ही जेवढं बोललो तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत बोललो नव्हतो. मुलं, ड्यूट्या, सासरची माणसं, सुट्टीत सांगली-पुणे ह्या धावपळीत मैत्री होती, पण सवड नव्हती. सवड त्या हिरव्या गाडीनं दिली. एका वयानंतर नवीन मैत्रीण मिळत नाही म्हणतात. मला जुनीच परत नव्यानं मिळाली.

सगळ्यात अवघड दुपार आली ती अनुजामुळे. ती केंब्रिजहून आली होती, तिथे ती रिसर्च करते. गाडी बघून तिनं चहा घेता घेता विषय काढला. पॉवर स्टीअरिंग बसवून घेऊ, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक करू, क्लचच नको. तिनं ते काम करणारा माणूसही शोधून ठेवला होता. मृणालनं मान हलवून नाही म्हटलं. अनुजाचा आवाज चढला. "पण आई, तुझं गाडी आहे ना? एवढी वर्षं काम केलास. तुझ्या पायाला क्लच कळणार नाही, मग तू चालवणार कशी?" श्रीकांत उठून खिडकीपाशी गेला. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. पोरीला गाडीचं काहीच पडलेलं नव्हतं, तिला आई स्टीअरिंगवर बसलेली बघायची होती, बस. मृणालला ते कळत होतं. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मीच चालवली पाहिजे असं कुठे आहे, राजा? ती चालली पाहिजे." अनुजा रडली. मृणालनं तिला जवळ घेतलं, पण मत बदललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर अनुजा गॅरेजमध्ये आईच्या पायाशी बसून वायरींना टेप गुंडाळत होती, आणि मृणाल तिला सांगत होती, निम्म्यावर निम्मा वेढा आला पाहिजे, ढिला नको. पोर अख्खा वीकेंड तेच करत बसली.

वसंतात एका दुपारी इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. श्रीकांत आग विझवायचा सिलेंडर घेऊन दारात उभा. किल्ली मी फिरवली. दोनदा नुसती घरघर, तिसऱ्यांदा खोकल्यासारखा आवाज, आणि मग असा काही घनगंभीर गडगडाट झाला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. मृणाल खुर्चीतून उठली. तळहाताला काही कळत नव्हतं म्हणून तिनं बाही वर सारून कोपरापर्यंतचा हात मडगार्डवर टेकवला. तिथे कळत होतं. डोळे मिटून ती तशीच उभी राहिली.

गाडी चालवायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली. क्लच इतका जड की पहिल्या आठवड्यात माझी मांडी दुखत होती, आणि स्टीअरिंग वळवणं म्हणजे परातभर कणीक मळणं. मृणाल उजवीकडच्या सीटवर बसून, मी घाबरू नये म्हणून, मुद्दाम बाहेर बघायची. सराव झाल्यावर आम्ही थेट डेल्समध्ये मार्गारेटना गाडी दाखवायला गेलो. वाटेत एका राऊंडअबाऊटवर गाडी बंद पडली. मागच्या व्हॅनवाल्यानं हॉर्न वाजवला, मग स्वतःच उतरून आला, आणि गाडी किती सुंदर आहे हे सांगण्यात त्यानं आणखी ट्रॅफिक अडवून ठेवला. मार्गारेटनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. त्यांना ती लालच माहीत होती. मग त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या की नवऱ्यानं घेतली तेव्हाची लालच जास्त शोभत होती. परतीच्या वाटेवर मृणाल हसून हसून थकली. त्याच उन्हाळ्यात एका जुन्या गाड्यांच्या शोमध्ये परीक्षकानं आमचे मार्क कापले, कारण दाराच्या आतल्या कडेचा रंग जरा जास्तच सफाईदार होता. कारखान्यात तो असा नीट मारत नसत म्हणे. मृणालनं परीक्षकाचे मनापासून आभार मानले. गाडीत बसल्यावर मला म्हणाली, बघ, थोडं वाईट काम करायला शिकायचं राहूनच गेलं.

तो उन्हाळा आम्हाला पूर्ण मिळाला. आम्ही समुद्रापर्यंत गेलो, पूर आलेली नदी बघायला गेलो, एकदा तर नुसत्या कोथिंबिरीसाठी ब्रॅडफर्डला जाऊन आलो. पानगळीला तिचं पोट पाण्यानं भरायला लागलं आणि मग फार दिवस लागले नाहीत. शेवटी शेवटी ती दुखण्याबद्दल फारसं बोलत नव्हती. मला इतकंच म्हणाली की मी माणसं झोपवली, पण एक गाडी तरी जागी करून ठेवली, हे बरं झालं. अनुजा आता महिन्यातून एकदा येते आणि माझ्याकडून क्लच शिकते. तिच्या वयाच्या मांडीला तो जड वाटत नाही. पहिल्यांदा एकटीनं गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली तेव्हा तिचा चेहरा बघायला मृणाल हवी होती, असं मला वाटलं. पण ते वाटणं दुःखाचं नव्हतं फारसं.

बाकीच्या रविवारी मी जाते. इंजिन फार दिवस गार पडू देऊ नये. श्रीकांत चहा टाकतो, मी गॅरेजचं दार वर करते. आत मृणालनं कामासाठी छताच्या वाशाला साखळीनं एक दिवा टांगलेला आहे, स्वतःच्या उंचीला. ती पाच फुटांना जेमतेम पोचायची, मी तिच्याहून चांगली उंच, त्यामुळे तो माझ्या बरोबर कपाळाशी येतो. मागच्या रविवारी तो मला पुन्हा लागला. श्रीकांतनं दारातून विचारलं, स्टूल आणून साखळी दोन कड्या वर घेऊ का. मी नको म्हटलं. मी कपाळ चोळलं, खाली वाकले आणि दिव्याखालून पलीकडे जाऊन गाडीत बसले.