मेहुण्यानं निवडलेली टाकी

मला टाकी लहान हवी होती. टेबलाच्या कोपऱ्यावर बसेल एवढी, तीस लिटरची, काचेचा नुसता चौकोनी ठोकळा. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी जमिनीचे नकाशे काढतो. घोडेगावातल्या आमच्या घराची मागची खोली हेच माझं ऑफिस. लॉकडाऊनमध्ये काम घरी आलं ते घरीच राहिलं. दिवसातून दोनतीनदा व्हिडिओ मीटिंग असते आणि तेव्हा माझ्या पाठीमागं जी भिंत दिसते तिला ओल आलेली आहे. त्या भिंतीपुढं निळ्या उजेडात प्रवाळं डुलताना दिसावीत, साहेबांनी 'अरे, ये क्या है?' असं विचारावं आणि मी काही विशेष नसल्यासारखं 'रीफ टँक है, सर' म्हणावं, एवढीच माझी हौस. समुद्राच्या प्रेमानं मी टाकी घेतली असं सांगितलं तर ते खोटं होईल, आणि खोटं पुरेसं झालंय.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या भावाला विचारा. पाण्यातलं त्याला कळतं."

तिचा धाकटा भाऊ नारायणगावच्या पुढं, ओझरच्या रस्त्याला, द्राक्षाची बाग करतो. समुद्र त्यानं आयुष्यात एकदाच पाहिलेला, तोही शाळेच्या सहलीत. मला हसू आलं. पण रविवारी तो आलाच. माझ्या मोबाईलवरचे प्रवाळांच्या टाक्यांचे व्हिडिओ त्यानं तीन तास पाहिले, मध्ये चहासुद्धा घेतला नाही. मग मी ठरवलेल्या टाकीचा फोटो मोठा करून बघितला.

"दाजी, ही टाकी हाय का अत्तराची बाटली?"

"टेबलावर ठेवायचीय."

"मग टेबल मोठं करा. ह्यातलं तांब्याभर पाणी उडून गेलं तर मीठ कुठल्या कुठं चढंल. कुंडीत खताची चिमूट जास्त पडली की झाड जळतं. तीच चिमूट रानात पडली तर कळतबी न्हाई. पाणी जास्त असलं की चूक पचती."

"मी चूक करणारच नाही."

"आक्का," त्यानं स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "ह्यांचा फोटो काढून फ्रेम कर गं. चूक न करणारा माणूस घावलाय."

शेवटी त्यानंच निवडली. तीन फुटी, दीडशे लिटरच्या आतबाहेर. चार फुटी नको, कारण जुन्या फरशीवर तेवढं वजन त्याला पटेना. खिडकीखाली नको, कारण ऊन पडलं की शेवाळ माजणार. स्टँड त्यानं बागेचे मांडव करणाऱ्या वेल्डरकडून लोखंडी अँगलचं करून आणलं. मीटिंगमध्ये पंपाची गुरगुर ऐकू येऊ नये म्हणून पंपाखाली ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून घातला. मी इंटरनेटवर महिनाभर वाचत होतो. त्यातलं हे एकही मला सुचलं नव्हतं.

पाण्याचंही तसंच. टाकीला शुद्ध पाणी लागतं, त्यात समुद्राचं मीठ कालवायचं असतं. आमचं बोअरचं पाणी जड. गावात जारचं पाणी देणारे तिघं होते. त्यानं तिघांचे जार मागवले, बागेतलं क्षार मोजायचं मीटर खिशातून काढलं आणि एकेकात बुडवलं. दुसऱ्याशी थांबून म्हणाला, "हे नळाचंच हाय, राव. नुसतं गार केलंय." तिसऱ्याचं पसंत पडलं. खारटपणा मोजायची नळी मी पुण्याहून मागवली होती, तिचं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं तरी उमगेना. त्यानं ती नळी डोळ्याला लावली आणि खिडकीकडं धरली. "हे तर आमचंच हत्यार. द्राक्षात साखर किती भरली ते असंच बघतो. हितं मीठ बघायचं, एवढाच फरक."

चाळीस दिवस टाकीत फक्त पाणी आणि दगड होते. मी रोज म्हणायचो आता मासे आणू, आणि तो रोज फोनवर म्हणायचा थांबा. मग नारिंगी-पांढऱ्या माशांची एक जोडी आली, शेवाळ खाणाऱ्या सहा गोगलगायी आल्या, लाल पट्ट्यांची एक कोळंबी आली. आणि शेवटी प्रवाळाचे तीन तुकडे. त्यातल्या एकावर शर्टाच्या बटणाएवढी हिरवी तोंडं होती. सकाळी दहाला दिवा लागला की ती अर्ध्या तासात एकेक करून उघडायची. मी मीटिंगमध्ये कॅमेऱ्याकडं पाठ करून बसू लागलो.

मेहुण्याचं त्याहून वेगळं. तो गुडघे टेकून, नाक काचेला लावून बघायचा.

"हे झाड हाय का जनावर?"

"जनावर. पण त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उजेडातून अन्न करतं आणि ह्याला देतं."

"आणि हे त्याला काय देतं?"

"राहायला जागा."

त्यानं काचेवर उमटलेली श्वासाची वाफ बाहीनं पुसली. मग म्हणाला, "म्हंजे वाटेकरी हाय. जमीन ह्याची, कष्ट त्याचं." आणि स्वतःशीच खूश होऊन हसला. पुस्तकात मी वाचलेली दोन पानं त्यानं चार शब्दांत बसवली होती.

आता जे सांगायचंय ते.

टाकीतलं थोडं पाणी पंधरा दिवसांनी बदलावं लागतं. बादलीत मीठ कालवून मी कंटाळलो होतो, म्हणून त्याच्याकडं ड्रम मागितला. तो म्हणाला, "शेडात चारपाच हायेत. मागचा घ्या. पुढच्यांना हात लावू नका, त्यांत मोरचूद भिजवतो." मोरचूद म्हणजे तांब्याचं निळं मीठ, चुन्यात कालवून द्राक्षावर फवारतात, बुरशी येऊ नये म्हणून. मी गेलो तेव्हा तो बागेच्या पार टोकाला होता. मागच्या ड्रमवर खताच्या गोण्या रचलेल्या. मला तीनची मीटिंग गाठायची होती. मी पुढच्यांतला एक ड्रम उचलला. त्याच्या तळाशी निळं कडं होतं. ते मी पाहिलं. नखानं खरवडूनही पाहिलं. घरी येऊन दोनदा पाण्यानं विसळलं आणि झालं साफ असं स्वतःला सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी त्याच ड्रममध्ये मीठ कालवून मी पाणी बदललं. रविवारी दुपारी मेहुणा आला, त्याच दिवशी सकाळी बागेत फवारणी करून. टाकीतला एक दगड कलला होता. त्यानं साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत हात घालून दगड नीट बसवला आणि गेला.

सोमवारी गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मंगळवारी कोळंबी आडवी झाली. प्रवाळाची हिरवी तोंडं मिटली ती उघडलीच नाहीत. आठवड्यात ती विरघळून पांढरी पडली. मासे मात्र ठणठणीत.

मी फोन केल्यावर तो धावत आला. टाकीसमोर बसला. बराच वेळ बघून म्हणाला, "मासं जगलं, गोगलगायी मेल्या. हे तांबं हाय, दाजी. मोरचूद मारलं की बागेतल्याबी गोगलगायी अशाच जातात." त्या क्षणी मला सगळं कळलं. तोंड उघडायला एवढा वेळ पुरेसा होता. पण त्यानं आपले दोन्ही हात पुढं धरून पाहिले. नखांच्या कडांना निळसर झाक होती, ती त्याच्या हातांना बारा महिने असते.

"माझ्याच हातानं गेलं," तो म्हणाला. बायकोकडं वळला. "आक्का, माफ कर गं. दाजींचं एवढं केलेलं पाणी मी नासवलं."

बायको म्हणाली, "अरे, असू दे, गोगलगायीच तर होत्या." मी म्हणालो, "जाऊ दे, होतं असं." मी असं बोललो, जणू त्याला माफ करतोय. दुसऱ्या दिवशी मी ड्रम नेऊन होता तिथं ठेवला.

आमच्या आजोबांच्या पिढीनं बौद्ध धर्म घेतला तो काय काय मागं टाकण्यासाठी, हे आमच्या घरात कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. त्यांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. आणि त्याच घरात, त्यांच्याच नातवानं, आपल्याच माणसाला वाटू दिलं की त्याच्या हातानं पाणी बाटलं. हे मला त्याच दिवशी समजलं होतं. समजूनही मी दीड वर्ष गप्प राहिलो.

त्या दीड वर्षात तो त्या खोलीत आला नाही. टाकी तिथंच होती. दोन मासे तिच्यात मजेत होते, पण प्रवाळ त्यात पुन्हा घालता येत नव्हतं. तांबं दगडात आणि काचेच्या सांध्यात मुरतं, हेही त्यानंच सांगितलं, दाराबाहेरून. आमच्याकडं आला की आधी अंगणातल्या नळावर हात धुवायचा, पाण्याचा ग्लास घेण्याआधीसुद्धा. बायकोला वाटायचं, किती स्वच्छ झालाय. पाहुण्यांत तो या गोष्टीचा विनोद करून सांगायचा. जुन्नरला एका हळदीत वीसपंचवीस जणांत बसून म्हणाला, "माझ्या हाताला काय गुण हाय, दाजींना विचारा. समुद्र मारलाय मी, समुद्र." सगळे हसले. मीही हसलो. बागेतला माणूस आपली चूक चारचौघांत अशी उघड्यावर मांडतो, हे मी कौतुकानं बघत होतो, आणि ती चूक त्याची नव्हतीच.

यंदा बायकोच म्हणाली, प्रवाळासाठी नवीन टाकी घेऊ. तिनं भावाला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "दाजी, मी लांबूनच सांगतो हां. हात न्हाई लावणार!" दोघं बहीणभाऊ हसले. मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जीपनं नारायणगाव गाठलं आणि तिथून बागेत. तो घडांची विरळणी करत होता, हातात छोटी कात्री. मी उभ्याउभ्याच सांगितलं. आधी वाक्यं ठरवून गेलो होतो, त्यातलं एकही आठवलं नाही. त्यानं कात्री थांबवली नाही. दोन घड झाले, तीन झाले.

"पुढचा डरम?"

"हो."

"मी सांगितलं व्हतं."

"हो."

"निळं दिसलं व्हतं का?"

इथं 'लक्ष गेलं नाही' म्हणता आलं असतं. "दिसलं होतं," मी म्हणालो.

आता कात्री थांबली. "दीड वरीस, दाजी." एवढंच. मग कात्री खिशात टाकत, "आक्काला ठाव हाय?"

"नाही. आधी तुला सांगायचं होतं."

"मी समद्यांसमोर हसत सांगत फिरलो. आता तुमी सांगायचं. रविवारी, घरी, माझ्या आईसमोर. आणि हसायचं न्हाई."

रविवारी सासुरवाडीला सगळे जेवायला बसले होते. मी ताट पुढं असताना सांगितलं. ड्रम, कडं, नख, विसळणं, सगळं, काही न गाळता. बायकोचा घास हातात राहिला. सासरे खाली बघत राहिले. सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. त्या लेकाकडं वळल्या.

"तू एवढं दिस हेच मनात धरून व्हतास व्हय रं?"

मला वाटलं, आता तो काहीतरी गंमत करेल आणि सगळं हलकं होईल. मी त्याची वाटही पाहत होतो. त्यानं गंमत केली नाही. "व्हय," म्हणाला, आणि ताट घेऊन उठला.

परतीच्या वाटेवर बायको जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली. मंचरला उतरल्यावर म्हणाली, "टाकी आता तोच निवडेल. तो आला तर."

तो आला. आक्कासाठी आला, हे मला माहीत आहे. पुण्याच्या दुकानात त्यानं चार टाक्या नाकारल्या. एकीच्या सांध्यात बुडबुडा दिसला, एकीची पाणी गाळायची जागा पाठीमागं अशी अडचणीत होती की हात जाईना. दुकानदार आधी उडवाउडवीची उत्तरं देत होता. अर्ध्या तासानं त्यानंच खुर्ची दिली. या खेपेला चार फुटी घेतली, कारण मधल्या काळात त्यानं माझ्या खोलीच्या फरशीखाली काय आहे ते गवंड्याला विचारून ठेवलं होतं. कधी विचारलं असेल, कुणास ठाऊक. त्या खोलीत पाऊल न टाकता तो तिचा विचार करत होता.

आता नव्या टाकीत पाणी आहे, दगड आहेत आणि दोन गोगलगायी, पाणी चाललंय का ते बघायला. प्रवाळ कधी आणायचं ते तो ठरवेल. पूर्वी तो फोनवर अर्धा अर्धा तास बोलायचा, बाजारभाव, गावातली भांडणं, कुणाचं कुठं जमलं. आता माझ्याशी टाकीपुरतंच बोलतो. रोज सकाळी साडेनऊला फोन येतो.

"मीठ?"

"पस्तीस."

"तापमान?"

"सव्वीस."

"गोगलगायी?"

"दोन्ही काचेवर आहेत. वरच्या बाजूला."

"बरं हाय. ठेवतो."