गालिच्यावरचे दोन थेंब

वडील गेल्याचा फोन इथे आखातात, ऑफिसात आला तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकला होता. तो सुटेपर्यंत गावी सगळं उरकलेलं असणार होतं. रडू येत नव्हतं. इंग्रज साहेबाने मला शहरातल्या हूरा भागातल्या हॉटेलच्या पबमध्ये नेलं. बारवाल्याने लाकडी दांडा ओढून पिंपातली बिअर भरली. बिअर कसली, निवलेल्या चहासारखी कोमट! "खरी इंग्लिश एल बिअर अशीच असते," साहेब म्हणाला. असेल.

पिण्याआधी मी सवयीने बोट बुडवून गालिच्यावर दोन थेंब शिंपडले. घरातल्या गेलेल्या माणसासाठी आमच्यात असं करतात. मला ते वडिलांनीच शिकवलं होतं.

"कोणासाठी?" साहेबाने विचारलं.

"आजोबांसाठी," मी म्हणालो आणि ग्लास उचलला. मग तो खाली ठेवला आणि पुन्हा बोट बुडवलं.