वजनबाईंची एक चूक

विमान चालवायला शिकवणाऱ्या त्या शाळेत सिम्युलेटरच्या खोलीबाहेर एक वजनकाटा होता आणि त्यावर उभं राहिल्याशिवाय आत पाऊल टाकायची कोणाची टाप नव्हती. काट्यापाशी वजनबाई उभ्या असत. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं, तेवढंच. आधी बारा वर्षं विमानतळावर प्रवाशांचं सामान तोललं, मग अठरा वर्षं इथे. माणूस एक वेळ वय खरं सांगेल, वजन सांगणार नाही, असं त्यांचं ठाम मत. शाळा चालवणारे मोठे सर एकदा पोट आत ओढून "बासष्ट" म्हणाले होते, तेव्हा बाईंनी काटा बघून सगळ्यांसमोर "एकाहत्तर" असं शांतपणे वाचून दाखवलं होतं.

सिम्युलेटर म्हणजे जागचं न हलणारं विमान. खुर्च्या खऱ्या, नाक वरखाली करायचा दांडा खरा, धावपट्टी मात्र पडद्यावर. कोणी उडवायला बसण्याआधी पुढच्या दोन खुर्च्यांत किती किलो, मागे किती, टाकीत इंधन किती, हे बाई संगणकात भरत. वजन पुढे जास्त झालं की विमानाचं नाक जड होतं, मागे जास्त झालं की शेपूट खाली बसते. पडद्यावरच्या चौकटीत एक ठिपका असतो. तो चौकटीच्या आत असला की तोल बरोबर. सरावाला सगळ्यांची मिळून एक फाईल होती, पण परीक्षेसाठी बाई प्रत्येकाच्या खऱ्या वजनाची वेगळी फाईल करत. ती पुन्हा तपासायचं कोणाच्या मनातही येत नसे. बाईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या वर्षीच्या तुकडीत पस्तिशीचा एक ड्रायव्हर होता. अकरा वर्षं बस चालवली आणि एक दिवस नोकरी सोडून इथे आला. सरावात विमान असं अलगद टेकवायचा की बघत राहावं. परीक्षेत मात्र दोनदा नापास. दोन्ही वेळा विमान उशिरा उचललं आणि उतरताना पुढचं चाक आधी आपटलं. तिसऱ्यांदा नापास झाला की शाळेतून नाव कमी. वर्गातली पोरं म्हणायची, हा अजून स्टॉप आला की ब्रेक मारतो. मोठे सर म्हणाले, परीक्षेत हातपाय गळतात काहींचे, त्याला औषध नाही.

तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या दुपारी तो बाईंच्या टेबलापाशी आला.

"बाई, रागावू नका. परीक्षेच्या दिवशी नाक जड लागतं हो. दांडा ओढून ओढून खांदे भरून येतात."

"माझ्या मशीनवर खापर फोडू नका," बाई म्हणाल्या. "घरी जा, पोटभर जेवा आणि झोपा."

तो तोंड पाडून निघून गेला. बाईंचं डोकं मात्र तडकलं. अठरा वर्षांत त्यांच्या तोलाला कोणी नावं ठेवली नव्हती. उद्या याला पुराव्यानिशी गप्प करायचं, असं ठरवून त्यांनी त्याची परीक्षेची फाईल लावली आणि स्वतःच खुर्चीत बसल्या. विमान धावलं. बाईंनी दांडा ओढला. नाक उठेना. दोन्ही हातांनी ओढला, तेव्हा कुठे ते कुरकुरत वर आलं.

त्यांनी आकडे उघडले. शेजारच्या खुर्चीत एकशे चाळीस किलो आणि ठिपका चौकटीच्या बाहेर. ड्रायव्हरची फाईल त्यांनी नाक जड झाल्यावर काय करायचं या धड्याच्या फाईलवरून उतरवली होती. त्याचं वजन बदललं, शेजारच्या खुर्चीचं बदलायचं राहिलं. ठिपका बघितला नाही, कारण आपल्या हातचं काम दुसऱ्यांदा बघायची त्यांना सवयच नव्हती. बाईंना स्वतःची लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

त्या तडक मोठ्या सरांकडे गेल्या. सरांनी ऐकून घेतलं, दार लोटलं.

"फाईल दुरुस्त करा आणि विषय संपवा. उद्या तो पास होईल. तुमचं नाव कशाला खराब करायचं?"

"आणि त्याच्या नावावरचे दोन नापास?"

"राहिले तर राहिले. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," बाई म्हणाल्या. "ते दोन्ही माझे आहेत. नोंदवही द्या इकडे."

सरांनी दिली. ड्रायव्हरच्या दोन्ही नापासांवर बाईंनी काट मारली, शेजारी 'वजन चुकीचं भरलं' असं लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. सरांनीही मग मुकाट्याने सही केली.

ड्रायव्हर अजून फाटकापाशी बसची वाट बघत उभा होता. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, एक आकडाही न लपवता. तो रागावला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. पण त्याने फोन काढला, नंबर लावला आणि बाईंपुढे धरला.

"आमच्या घरी सांगाल का एवढं? दोन महिने मी तिला सांगतोय की आपल्या हातात काही दम नाही. आता मी उलटं सांगितलं तर तिला वाटेल, मन राखायला बोलतोय."

पलीकडून त्याची बायको "हॅलो" म्हणाली. वजनबाईंनी फोन कानाला लावला.

"ताई, तुमचे मिस्टर नापास झाले नव्हते. चूक माझी होती."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. बाई फोन कानाशी धरून तशाच उभ्या राहिल्या. बस आली, थांबली आणि गेली, तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही.